एकोणिसावा क्रमांक

शाळेच्या वार्षिक अंकात क्रीडासंमेलनाचा वृत्तान्त आला म्हणजे वाचकांची दृष्टी प्रथम बक्षिसांच्या यादीकडे वळते, आणि त्या यादीतही ती पहिल्या तीन नावांपलीकडे बहुधा जात नाही. ह्यात नवल करण्यासारखे काही नाही. बक्षिसे तीनच ठेवली, तर नावेही तीनच छापली जाणार. परंतु चवथ्या, दहाव्या किंवा एकोणिसाव्या क्रमांकाने आलेल्या धावपटूचे पुढे काय झाले, ह्याचा विचार जी संस्था करीत नाही, तिच्या हातून पहिल्या क्रमांकाचा धावपटू क्वचितच घडतो, असे आमचे मत आहे. ह्या मताच्या पुष्टीसाठी आपल्याच प्रांतातील एका संस्थेचा इतिहास आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडू इच्छितो.

पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. आज शहराचा एक संपूर्ण भागच त्या नावाने ओळखला जातो. परंतु मूळ संस्था खेळांची, हे त्या भागातून रोज जाणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानातही येत नसेल. सर दोराबजी टाटा हे ह्या संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांचे काही शिक्षण केंब्रिज येथे झालेले असल्यामुळे तिकडील मैदानी खेळांची रीत त्यांस चांगली परिचयाची होती. १९१९ साली जिमखान्याच्या शर्यती भरल्या, तेव्हा लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरलेले बरेचसे धावपटू शेतकरी वर्गातील होते. ते अनवाणी धावत होते. धावण्याचे शास्त्रोक्त शिक्षण त्यांस मिळालेले नव्हते. तथापि त्यांनी घेतलेला वेळ पाहून दोराबजींच्या मनात असे आले की, युरोपातील धावपटूंच्या वेळेशी हा वेळ ताडून पाहण्याजोगा आहे. मग ह्या मुलांस ऑलिंपिक सामन्यांस का पाठवू नये?

विद्यार्थिमित्रहो, ह्या ठिकाणी क्षणभर थांबा. गावोगाव वेगाने धावणारी मुले पूर्वीही होती, आणि आजही आहेत. त्यांच्याविषयी गावातील लोक कौतुकाने बोलतही असत. परंतु कौतुक करणे निराळे आणि हातात घड्याळ घेऊन वेळ मोजणे निराळे. कौतुकाने गावापुरती कीर्ती होते; वेळ मोजला म्हणजे बेळगावच्या मुलाची तुलना फिनलंडच्या मुलाशी करता येते. जिमखान्याने केलेली पहिली मोठी कामगिरी हीच होय. त्या काळी ह्या विषयातील अज्ञान किती होते, ह्याची एक गोष्ट सांगतात. निवडीचा विचार चालू असता, शंभर मीटर धावण्यास साधारण किती वेळ लागावा असा प्रश्न निघाला. तेव्हा एका प्रतिष्ठित सभासदाने एक-दोन मिनिटे लागतील असे उत्तर दिले. आणि येथे मिनिटांचा नव्हे, तर सेकंदांचा व सेकंदाच्या अंशांचा हिशेब असतो, हे कळल्यावर ते थक्क झाले. अशा स्थितीतून त्या मंडळींनी आरंभ केला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या धाडसाची किंमत कळते.

त्या वेळी भारताची स्वतःची ऑलिंपिक संघटना नव्हती. दोराबजींनी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांचे साहाय्य घेतले, पुण्यास निवड-शर्यती भरवल्या, पैसा उभा केला, आणि १९२० साली भारताचा पहिला ऑलिंपिक संघ बेल्जममधील अँटवर्प शहरी गेला. धावण्याच्या शर्यतींसाठी फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि कुस्तीसाठी कुमार नवले व रणधीर शिंदे असे हे गृहस्थ होते. पदक कोणासही मिळाले नाही. शिंदे ह्यांनी आपल्या वजनगटात चवथा क्रमांक मिळवला. पदक एका पायरीने चुकले. चौगुले ह्यांनी मॅरेथॉन शर्यत पुरी केली आणि ते एकोणिसावे आले.

एकोणिसावे! हा शब्द ऐकताच ऐकणारा मान हलवून दुसऱ्या विषयाकडे वळतो. म्हणून आपण थोडे गणित करू. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची होती; म्हणजे आज ठरलेल्या अंतराहून अर्ध्या किलोमीटरने अधिक. चौगुले ह्यांस तीस २ तास ५० मिनिटे ४५.२ सेकंद लागले. भागाकार केला असता एका किलोमीटरास सुमारे ४ मिनिटे पडतात. वरच्या इयत्तेतील एखाद्या सशक्त विद्यार्थ्याने एकच किलोमीटर चार मिनिटांत धावून पाहावा, आणि मग त्याच गतीने आणखी एक्केचाळीस किलोमीटर जायचे आहेत अशी कल्पना करावी. विजयी झालेला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन ह्यास २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद लागले. दोघांत सुमारे अठरा मिनिटांचे अंतर होते. परंतु एका किलोमीटरामागे पाहिले तर ते केवळ पंचवीस सेकंदांचे भरते.

हे पंचवीस सेकंद भरून निघण्यासारखे होते की नव्हते? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची संधीच आली नाही. चार वर्षांनी, १९२४ साली, पॅरिसच्या सामन्यांस भारताचा संघ गेला, परंतु १९२० च्या धावपटूंपैकी एकही त्यात नव्हता. ज्या माणसाने शर्यतीचा रस्ता, परदेशची हवा आणि प्रतिस्पर्ध्यांची चाल प्रत्यक्ष पाहिली होती, त्याचा अनुभव त्याच्याजवळच राहिला.

ह्या प्रसंगाविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, आपली माणसे तेथवर गेली, ह्यातच सारे आले. निकालाचा विचार कशाला? दुसरे म्हणतात, पुरती तयारी नसता जगापुढे जाऊन मागे पडण्यापेक्षा घरी राहिलेले बरे. आम्हांस ही दोन्ही मते मान्य नाहीत. निकालाचा विचार नको म्हणणारे धावपटूच्या श्रमांचा अनादर करतात, कारण धावपटू स्वतः निकालासाठीच धावत असतो. आणि घरी राहा म्हणणारे हे विसरतात की, आपण किती मागे आहोत हे कळण्यास एकदा तेथे जावेच लागते. जिमखान्याने पाठवले हे योग्यच केले. उणीव पाठवण्यात नव्हती. एकदा पाठवून पुन्हा न पाठवण्यात होती, आणि ती एका संस्थेची नसून सर्व समाजाची होती.

खुद्द विजेत्याचे उदाहरण घ्या. कोलेमाइनेन हा १९२० साली प्रथमच ऑलिंपिकला आला होता काय? नव्हे. आठ वर्षांपूर्वी, १९१२ साली, स्टॉकहोम येथे त्याने तीन सुवर्णपदके मिळवली होती. म्हणजे चौगुले ह्यांची पहिली फेरी आणि कोलेमाइनेनची दुसरी फेरी एकाच रस्त्यावर चालली होती.

आपल्याकडील दाखलाही ह्याहून निराळा नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले. तांबड्या मातीत घडलेल्या ह्या मल्लास तेथील गादी नवीन होती. ते सहावे आले. तेवढ्यावर कोणी त्यांचे नाव पुसून टाकले असते, तर पुढचा इतिहास घडला नसता. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैशांची अडचण पडली, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकून साहाय्य केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. एका शिक्षकाने सहाव्या क्रमांकावर विश्वास ठेवला, त्याचे हे फळ आहे.

अलीकडे बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे ह्यांच्या बाबतीतही हेच दिसले. ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ते २०२१ साली टोकियो येथे प्राथमिक फेरीत सातवे येऊन बाहेर पडले. राष्ट्रीय विक्रम मोडला, तरी अंतिम शर्यत हुकली. २०२४ साली पॅरिस येथे मात्र त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले आणि अकरावे आले. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर ह्यांनी तर २०१६ सालीच रिओ येथे स्त्रियांच्या ह्याच शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला होता. ह्या दोघांचीही गावे दुष्काळी मुलखातील आहेत. तेव्हा सोयी नाहीत म्हणून धावपटू निपजत नाहीत, हे म्हणणे पुरते खरे नाही. धावपटू निपजतात, त्यांच्या मागे चिकाटीने उभे राहणारे कमी पडतात.

पालकवर्गाची ह्यावर एक शंका असते, आणि ती अनाठायी नाही. खेळाच्या नादात मुलाचा अभ्यास बुडेल, आणि पदक तर हजारांत एखाद्यासच मिळणार, असे ते म्हणतात. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, पदकासाठी मुलास मैदानावर पाठवा असे आमचे म्हणणेच नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेले अंतर धावणे, कालच्यापेक्षा आज दोन सेकंद कमी लागले की अधिक लागले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, आणि अधिक लागले असता कारण शोधणे, ही सवय ज्यास लागली त्याचा अभ्यास बुडत नाही. उलट अभ्यास कसा करावा हे त्यास त्यातूनच कळते. परीक्षेत एकदा मागे पडलेल्या मुलास आपण दुसऱ्यांदा बसवतो, त्याची पुस्तके जाळून टाकीत नाही. मग मैदानावर मागे पडलेल्या मुलासच ‘हे तुझे काम नव्हे’ असे एका दुपारी का सांगून टाकावे? आणि हीच गोष्ट मुलींच्या बाबतीत दुप्पट खरी आहे, कारण पुष्कळ घरांत त्यांस ती पहिली दुपारही मिळत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने क्रीडासंमेलनाच्या दिवशी पहिल्या तिघांचाच नव्हे, तर शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलाचा व मुलीचा वेळ एका वहीत लिहावा, ती वही जपून ठेवावी, आणि पुढील वर्षी त्याच मुलांस पुन्हा धावण्यास बोलवावे. ह्यास एक घड्याळ, एक वही आणि एक तत्पर शिक्षक एवढेच साहित्य लागते. घर गहाण टाकण्याचा प्रसंग प्रत्येकावर येत नाही. परंतु एकोणिसाव्या मुलाचे नाव लिहून ठेवण्याचा प्रसंग दर वर्षी येतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी जे यंदाच्या शर्यतीत मागे राहिले असतील, त्यांनी आपला वेळ विचारून घ्यावा व तो विसरू नये. पुढच्या वर्षी त्यांस प्रथम त्याच वेळेस मागे टाकावयाचे आहे.