वाटणीआधी विक्री नको

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याच्या लेण्यांकडे चालू लागले की दोन्ही बाजूंस एकेकाळची भाताची खाचरे तारेच्या कुंपणात कोंडलेली दिसतात. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, लोणावळ्याचे बंगले हळूहळू मावळात उतरले, आणि ज्या मुरमाड तुकड्याकडे पूर्वी कोणी ढुंकूनही पाहत नव्हते त्याच्यासाठी आज मुंबईचे गिऱ्हाईक दारात उभे राहते. गिऱ्हाईक येते ते दलालाबरोबर. आणि दलाल येतो तो सर्व भावंडांकडे नव्हे, तर त्यांतील सर्वांत गरजू भावाकडे.

या गावांतील आमचे बांधव आम्हांस विचारतात, "वकीलसाहेब, माझा एकट्याचा हिस्सा विकता येईल काय?" प्रश्न सरळ आहे, परंतु त्याचे उत्तर जमीन कोणती यावर अवलंबून आहे, आणि नेमके तेच कोणी पाहत नाही.

प्रथम वतनाच्या जमिनी घेऊ. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला गावकीच्या खुंट्याला बांधले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्याविरुद्ध दुरुस्तीचे बिल मांडले. वतन प्रत्यक्षात मोडले ते १९५८ च्या कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन जमिनी पुन्हा वतनदारांस दिल्या गेल्या खऱ्या, परंतु त्याच कायद्याच्या ५ व्या कलमात अट घातली गेली की, कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय ती जमीन ना विकता येईल, ना सरस-निरस पाहून प्रत्यक्ष वाटून घेता येईल. सातबाऱ्यावर 'नवीन अविभाज्य शर्त' आणि 'भोगवटादार वर्ग २' हे शब्द दिसतात ते यामुळे.

विक्रीला परवानगी हवी, हे आम्ही समजू शकतो. धनदांडग्यांपासून गरिबाची जमीन वाचविण्याचा त्यात काही हेतू असेल. परंतु भावाभावांनी आपसात बांध घालावयाचा तरी कलेक्टरची परवानगी कशासाठी? याचा परिणाम काय झाला आहे तो पाहा. परवानगीचे खेटे कोणी घालीत नाही. वाटणी तोंडी होते. तोंडी वाटणी सातबाऱ्यावर चढत नाही. तीन पिढ्यांची तीस-चाळीस नावे एकाच उताऱ्यावर साचतात. मग त्यांतील काही वारसांकडून कुलमुखत्यारपत्र घेऊन सगळ्या जमिनीचा सौदा करणारा कोणी तरी निघतो. २०२५ साली पुण्याजवळच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून सबंध महाराष्ट्रात गदारोळ उठला, तो विसरू नये. अशा जमिनीचा सौदा विनापरवाना झाला तर शर्तभंगाचे प्रकरण होते, दलाल पसार होतो आणि जमीन सरकारजमा होण्याची पाळी येते ती वारसावर. विक्रीवरील बंधन ठेवावयाचे तर ठेवा. वारसांच्या वाटणीवरील बंधन मात्र सरकारने काढून टाकलेच पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

आता वतनाची नसलेली जमीन. येथील एका कुटुंबाचे प्रकरण सध्या आमच्याकडे आहे. वडील रेल्वेत गँगमन. त्यांनी पगारातून घेतलेले घर आणि घरालगतचे खाचर. आई-वडील दोघेही वारले; मागे तीन भाऊ, दोन बहिणी. म्हणजे प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. मधल्या भावाने दोन लाख इसार घेऊन रस्त्याकडेचा तुकडा 'माझा' म्हणून साठेखत करून दिले. त्या तुकड्यावर त्याचे नाव कोठे लिहिले होते? कार्ल्याच्या चैत्यगृहात अनेक खांबांवर ज्याने खांब दिला त्याचे नाव कोरलेले आहे. सातबाऱ्यावर नावे असतात, पण कोणाचा बांध कोणता हे नसते. अविभक्त हिस्सा घेणाऱ्याला विशिष्ट तुकडा मिळत नाही; त्याला मिळतो तो वाटणीचा दावा लावण्याचा हक्क. त्या दाव्याच्या धाकावरच उरलेल्यांचे हिस्से कवडीमोलाने उचलले जातात.

कायद्याने येथे कुटुंबाच्या हातात काही शस्त्रे दिलेली आहेत, ती कोणी वापरीत नाही. राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे त्याला घरात येऊन राहण्याचा हक्क नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या ४ थ्या कलमाखाली भावंडे तो हिस्सा कोर्टाने ठरविलेल्या किमतीस परत घेऊ शकतात. त्याहूनही मोठी गोष्ट १९५६ च्या वारसा कायद्याच्या २२ व्या कलमाची. वारसाने मिळालेला हिस्सा विकू पाहणाऱ्याने आधी सहवारसांना घेऊ दिला पाहिजे. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले.

या प्रकरणात दोघा बहिणींना मात्र कोणी विचारलेच नव्हते. थोरल्या भावाने त्यांच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला आणि म्हणाला, "आपण बौद्ध आहोत, हिंदूंचा कायदा आपल्याला कशाला?" हा युक्तिवाद आम्ही अनेक घरांत ऐकला आहे, आणि त्याचा आम्हांस संताप येतो. त्या कायद्याच्या २ ऱ्या कलमात बौद्धांचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. ज्या हिंदू कोड बिलातून तो कायदा निघाला ते रखडविले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांचीच तसबीर भिंतीवर लावून त्याच भिंतीखाली बहिणीकडून सही घ्यावयाची? वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा समान वाटा १९५६ पासूनच आहे. वडिलार्जित मिळकतीत तो २००५ च्या दुरुस्तीने जन्मतः आला, आणि वडील दुरुस्तीपूर्वी वारले असले तरी जिवंत मुलीचा हक्क बुडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. भगिनींनो, माहेर तुटेल या भीतीने सही करू नका. सहीने तुटते ते माहेर नव्हे, हक्क तुटतो.

सर्वांची संमती असेल तर मार्ग स्वस्त आहे. सर्व सहधारकांनी जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली वडगावला तहसीलदाराकडे अर्ज करावा, मोजणी करून पोटहिस्से पाडून घ्यावेत. मालकीचा वाद निघाला की तहसीलदाराचे हात थांबतात. मग दिवाणी कोर्ट. तेथे आधी हिस्से ठरतात, नंतर सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कलेक्टरमार्फत होते. हे वर्षानुवर्षे चालते, हे आम्ही लपवीत नाही.

"एवढ्याशा खाचराचे पाच तुकडे करून काय पिकवायचे?" असा प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही. तुकडेबंदी कायदाही प्रमाणाखालील तुकड्यांस आडवा येतो. अशा वेळी विक्री करावी. पण सर्वांनी मिळून, एका भावाने, एका कागदावर. वाटणी गैरसोयीची असेल तर निम्मा वा अधिक हिस्सा असलेल्यांच्या विनंतीवरून कोर्ट मिळकत विकून पैसे वाटू शकते, आणि तेव्हाही ज्या भावंडास ती राखावयाची असेल त्यास कोर्टाने ठरविलेल्या किमतीस इतरांचे हिस्से घेता येतात.

त्या दोघी बहिणींनी सही केली नाही. त्यांनी दावा लावला आणि त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदविली. पुढच्याच आठवड्यात दलाल मधल्या भावाकडे इसाराचे दोन लाख परत मागावयास आला. त्यांपैकी बरेच खर्च झाले होते. ते कसे फेडावयाचे हे विचारण्यास तो भाऊ आता आमच्याकडे येतो, आणि धाकटी बहीण त्याच्याबरोबर असते.