अलिखित नाटकाचा कैवार

संहिता नाही ते नाटकच नव्हे, असे म्हणणारे पंडित आमच्यात उदंड आहेत. आमच्या मते हा दृष्टिकोन रसिकाचा नव्हे, सरकारी परीक्षकाचा होय. ब्रिटनमध्ये १८४३ च्या नाट्यकायद्यान्वये नवे नाटक रंगभूमीवर आणण्यापूर्वी संहिता लॉर्ड चेंबरलेनकडे धाडावी लागे. साहजिकच उत्स्फूर्त संवादास कायद्यात जागा उरली नाही. १९५८ साली ‘थिएटर वर्कशॉप’च्या चालकांना, मंजूर संहितेबाहेरचे संवाद बोलले गेले म्हणून, न्यायालयाने दंड केला. तरीही साठोत्तर दशकात कीथ जॉन्स्टन यांच्या ‘थिएटर मशीन’ने असे खेळ चालविलेच. १९६८ मध्ये ते पूर्वपरीक्षण रद्द झाले. पुढे १९७७ साली जॉन्स्टन यांनी कॅनडात कॅलगरी येथे ‘लूज मूस’ ही संस्था उभारली.

हे खेळ म्हणजे वाटेल ती बडबड, हा आक्षेप अज्ञानमूलक आहे. जॉन्स्टन यांची शिस्त कडक: सोबत्याने मांडलेले नाकारू नये, हुशारी मिरवू नये, मागे सुटलेले धागे पुन्हा उचलून कथा बांधावी. हे पाठांतराने नव्हे, तालमीने साधते.

त्याच १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. सूत्रधार पदे गाई, पात्रे आपली भाषणे ऐनवेळी रचीत. कोकणातील दशावतारी आजही तसेच बोलतात. जिचा पायाच अलिखित, त्या रंगभूमीच्या वारसांनी अलिखितास हीन लेखावे, ही कृतघ्नता होय. पंडितांनी आधी प्रयोग पाहावा, मग निवाडा द्यावा.