प्रवेशपत्र आले, यादी लागली नाही



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि वस्तीतली एक मुलगी फाईल घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. वडील सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी अर्थशास्त्रात बी.ए., पहिला वर्ग. इंग्लंडच्या एका विद्यापीठाचे एम.एस्सी.चे प्रवेशपत्र तिच्या हातात होते. पेढे कुठे आहेत, असे आम्ही विचारणार तोच तिने दुसरा कागद पुढे केला. जागा राखून ठेवायची तर महिनाभरात अनामत रक्कम भरा, असे त्यात होते. तेवढ्या पैशात त्यांच्या घराचे कित्येक महिने निघतात. आणि शिष्यवृत्तीची यादी अजून लागायची होती.

वडील म्हणाले, "दादा, गावची जमीन गहाण टाकू का?" आम्ही म्हटले, थांबा.

विद्यापीठाचे वेळापत्रक वेगळे, सरकारचे वेगळे, आणि त्या दोन्हींच्या मध्ये आपली पोरे अडकतात. सावकाराकडे जाण्याआधी विद्यापीठाला पत्र लिहावे. मुलीने त्याच रात्री ईमेल केला : मी सरकारी शिष्यवृत्तीला अर्ज केला आहे, पोच सोबत जोडली आहे, मुदत वाढवून मिळावी. आठवड्यात सहा आठवड्यांची मुदत वाढून आली. सर्वच ठिकाणी मिळेल असे नाही, पण मागायला टपालखर्चसुद्धा लागत नाही.

आता शिष्यवृत्तीविषयी. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे, जागा ७५. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींना. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडे त्यातून मिळते. वय, उत्पन्न, गुण आणि विद्यापीठाची जागतिक क्रमवारी यांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी. शेजारच्याने सांगितले म्हणून धरून चालू नये. केंद्राने तर २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास हे विषयच या योजनेतून वगळले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. या नियमाने त्यांचा अर्ज कुठे गेला असता, ते वाचकांनीच ठरवावे.

निवड होण्याआधीचा खर्च मात्र घरचाच. इंग्रजीच्या परीक्षेलाच पंधरा हजारांच्या वर लागतात आणि तिचा निकाल दोनच वर्षे चालतो. म्हणून घाईने परीक्षा देऊन ठेवू नये. अमेरिकेतील काही विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी पुरी धरत नाहीत, ते अर्जाची फी भरण्याआधीच विचारून घ्यावे.

कागदांचे दुखणे सर्वांत मोठे. या मुलीकडे जातीचा दाखला होता, पण राज्याच्या नमुन्यातला. केंद्राला केंद्राच्याच नमुन्यातला लागतो. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना अनुसूचित जातीत धरायला १९९० साल उजाडले. त्या चौतीस वर्षांची शेपटी अजून दाखल्याच्या नमुन्यात वळवळते. शिवाय शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर बापाचे नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. आम्ही कारकून माणूस, कार्यालयात अशी प्रकरणे रोज पाहतो. एका अक्षरासाठी फाईल तीन तीन महिने पडून राहते. मुलगी बारावीत असतानाच ही नावे एकसारखी करून घ्या.

शिफारसपत्राचा अनुभव कडू आहे. एका गुरुजींनी या मुलीला चार वेळा "पुढच्या आठवड्यात ये" म्हटले आणि शेवटी "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणाले. आम्हाला ते पटले नाही. तिला पहिल्या वर्षी शिकवलेल्या बाई बदली होऊन दुसऱ्या गावी गेल्या होत्या. त्यांना फोन केला. बाईंनी दोन दिवसांत पत्र पाठवले, आणि तिने वर्गात मांडलेला रोजगार हमीवरचा मुद्दासुद्धा त्यात आठवणीने लिहिला.

बाबासाहेबांचीही शिष्यवृत्ती संपली होती. १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान आणणारी बोट युद्धात बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, नवल भथेनांकडून कर्ज घेतले, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडन गाठू शकले.

मुलीची यादी हे लिहीपर्यंत लागलेली नाही. मुदतीचे एकोणीस दिवस उरले आहेत. केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यासाठी आम्ही उद्या अर्धी रजा टाकून तिच्या वडिलांबरोबर तहसील कार्यालयात जाणार आहोत. ज्यांच्या घरी असे कागद अडले असतील त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. येताना मूळ कागद आणि दोन दोन झेरॉक्स आणाव्यात.