काटा खोटे बोलू लागला तर

विमानात बसणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वैमानिकाबद्दल दोन समजुती असतात. एक, त्याला समोरचे सगळे दिसत असते. दुसरी, दिसले नाही तरी विमान कसे चालले आहे हे त्याला सवयीने, अंगातूनच कळत असते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर जीवघेणी आहे.

आपला तोल कानाच्या आतल्या भागात सांभाळला जातो. तिथल्या बारीक नलिकांतला द्रव हलला की मेंदूला कळते, आपण वळलो. पण वळण संथ आणि एकसारखे असेल, तर काही वेळाने तो द्रवही नलिकांबरोबर फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आता सारे सरळ चालले आहे. जमिनीवर ही चूक डोळे दुरुस्त करतात. ढगात किंवा काळोख्या समुद्रावर डोळ्यांना क्षितिजच सापडत नाही. 1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, केवळ उपकरणांवर विमान चालवण्याचे शिक्षण न झालेल्या 20 जणांची परीक्षा घेतली गेली. बाहेरचे दिसेनासे केल्यावर वीसही जणांचा ताबा सुटला. त्यांना लागलेला सरासरी वेळ होता 178 सेकंद. पुरती तीन मिनिटेही नाहीत!

म्हणून उपकरणे आली. 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळ जिमी डूलिटल या वैमानिकाने आपली बैठक वरून झाकून घेतली आणि बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, वळवले आणि उतरवले. त्याच्यापुढे गिरक्या घेणाऱ्या भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे कृत्रिम क्षितिज होते, अचूक उंचीमापक होता आणि रेडिओची दिशा होती. तेव्हापासून वैमानिकाला शिकवला जाणारा धडा असा : शरीर काय सांगते ते ऐकू नकोस, काटा काय सांगतो ते पाहा.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. विमानाशी माझा संबंध खिडकीजवळची जागा मागण्यापुरता. पण एका कादंबरीतले पात्र वैमानिक निघाले, म्हणून त्यांच्या अभ्यासाची पुस्तके चाळू लागलो आणि त्या धड्याचा उत्तरार्ध वाचून मला एकदम आपल्या शाखेत आल्यासारखे वाटले. तो उत्तरार्ध असा : काट्यावर विश्वास ठेव, पण एकट्या काट्यावर ठेवू नकोस.

बँकेची तिजोरी एका चावीने उघडत नाही. दोन अधिकारी, दोन चाव्या. यात कुणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. एका माणसाच्या हातून होणारी चूक दुसऱ्याच्या नजरेस पडावी, एवढाच हेतू. विमानातही तसेच आहे. दोन्ही वैमानिकांपुढे आपापले कृत्रिम क्षितिज असते आणि मध्ये एक तिसरे, राखीव. शिवाय ही उपकरणे एकमेकांचा ताळा करतात. क्षितिज म्हणते नाक वर आहे. मग उंचीमापक चढायला हवा, वेग उतरायला हवा. तसे होत नसेल तर कुणीतरी खोटे बोलत आहे. हा ताळा जमतो, कारण प्रत्येकाचा उगम वेगळा आहे. उंची आणि वेग हवेच्या दाबावरून कळतात, क्षितिज भोवऱ्यावरून, आणि होकायंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वावरून.

हा ताळा चुकला की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले. समुद्रावर येऊन किंचित उजवे वळण घेऊन ते सरळ झाले. पण कप्तानापुढचे क्षितिज बिघडले होते आणि विमान अजून उजवीकडेच कललेले दाखवत होते. बाहेर काळोख. त्यांनी ते सरळ करण्यासाठी डावीकडे वळवले, आणि वळवतच गेले. सहवैमानिकापुढचे क्षितिज आणि मधले राखीव, दोन्ही ठीक होती. बांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर विमान समुद्रात कोसळले आणि आतले सर्व 213 जण गेले. तीन साक्षीदारांपैकी दोन खरे सांगत होते. त्यांची साक्ष घ्यायला काही सेकंदच हाती होते आणि तेवढ्यात ती घेतली गेली नाही. मी त्या कप्तानाला दोष देणार नाही. एवढेच म्हणेन, की ताळा करण्याची सवय संकट आल्यावर लावता येत नाही.

विमान सरळ आहे की कलले आहे, याबद्दल जे खरे, तेच ते कुठे आहे याबद्दलही खरे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू गाठले, तेव्हा वाट दाखवणारे रेडिओ केंद्र नव्हते. दिशा, वेग आणि गेलेला वेळ यांचा गुणाकार करायचा, वाऱ्याची वजाबाकी करायची आणि खाली दिसणाऱ्या नदीशी किंवा रुळांशी उत्तर पडताळायचे. या हिशेबाचे एक सोपे कोष्टक वैमानिक आजही शिकतात. साठ मैल गेल्यावर एक मैल बाजूला सरकलेले असाल, तर दिशा एका अंशाने चुकली. तीन मैल सरकलात तर तीन अंशांनी. आमच्या पिढीच्या कारकुनाला हे तोंडी जमले असते!

पुढे जमिनीवर रेडिओ केंद्रे आली, विमानाची प्रत्येक हालचाल मोजून जागा सांगणारी यंत्रे आली आणि शेवटी जीपीएस आले. सुमारे 20 हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळ सांगतात आणि चार उपग्रहांच्या वेळांवरून यंत्र आपली जागा काढते. 1 सप्टेंबर 1983 रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले आणि 269 माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेने ही सेवा साऱ्या जगाच्या प्रवासी विमानांना देऊ केली. तिचे उपकार मोठे आहेत, ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

पण उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. तो दडपून टाकता येतो, त्याच्या जागी बनावट संकेतही पाठवता येतो. दडपणे म्हणजे काउंटर बंद. ते निदान कळते. बनावट संकेत म्हणजे खोटी नोट. ती खरीच वाटते. आणि आधुनिक विमानात नकाशा, घड्याळ, डोंगर जवळ आल्याचा इशारा, या साऱ्यांना माहिती पुरवणारे हेच एक खाते असते. ते खोटे बोलले की सगळे एका सुरात खोटे बोलतात. हजारो फूट उंचीवर ‘विमान वर घ्या’ असा पुकारा सुरू होतो. असे खोटे पुकारे वरचेवर ऐकलेला वैमानिक एखाद्या दिवशी खऱ्या पुकाऱ्याकडेही काणाडोळा करील, ही भीती मला सर्वांत मोठी वाटते. एकाच चुकीच्या खतावणीवरून दहा तक्ते उतरवले, तर दहाही तक्ते एकमेकांशी जुळतात. ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच.

ही गोष्ट दूरच्या युद्धभूमीपुरती राहिलेली नाही. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात आपल्या सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू भागात, असे 465 प्रकार घडल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. नोव्हेंबर 2025 मध्ये तर राजधानीतच, दिल्लीच्या एका धावपट्टीकडे उपग्रहाच्या आधाराने उतरणाऱ्या काही विमानांना बनावट संकेत मिळाले. जिथे जमिनीवरची जुनी साधने चालू होती, त्या धावपट्ट्यांवरची विमाने मात्र बिनघोर उतरली, असे सरकारनेच संसदेत सांगितले.

त्याच उत्तरात, जुन्या साधनांचे ‘किमान जाळे’ राखले जात असल्याचेही सांगितले आहे. हे धोरण योग्यच आहे. पण ‘किमान’ शब्दाशी माझा जुना परिचय आहे. किमान शिल्लक खाते बंद पडू नये म्हणून असते, अडीअडचणीला पुरावी म्हणून नसते. खर्चकपातीची वेळ आली की सर्वांत आधी हात जातो तो रोज न लागणाऱ्या वस्तूकडे. रेडिओ केंद्राची देखभाल, तिथला तंत्रज्ञ, वैमानिकाला हाताने हिशेब करायला लावणारे तास, हे सारे हिशेबाच्या वहीत निव्वळ खर्च म्हणूनच दिसते. दुसऱ्या चावीच्या अधिकाऱ्याचा पगारही तसाच दिसत असे.

म्हणून प्रवाशांच्या वतीने माझे मागणे साधे आहे. प्रत्येक मोठ्या विमानतळावर, धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला, उपग्रहाशी काडीचा संबंध नसलेले एक तरी साधन चालू स्थितीत असावे. वैमानिकाची परीक्षा घेताना त्याचा जीपीएस बंद करून त्याला घरी यायला लावावे. आणि या दोन्हींचा खर्च तिकिटात आला तर आपण कुरकुर करू नये. बाजूच्या खुर्चीतले आपले नातवंड खिडकीतून ढग बघत असते, तेव्हा पुढे बसलेल्या दोघांना विचारायला निदान एक साक्षीदार वेगळा असावा.