बॅटरीने आधीच सांगितले होते

आज थोडे माझ्या चुकीविषयी लिहितो. चूक घरातली आहे, पण तीच अनेक घरांत होत असणार, म्हणून चारचौघांत सांगायला संकोच नाही.

माझी भाची मेळघाटात एका उपकेंद्रावर नर्स आहे. आमच्या घराण्यात स्वतःच्या पगारातून मोटारसायकल घेणारी ती पहिली मुलगी. रविवारी आईला भेटायला परतवाड्याला येते आणि संध्याकाळच्या आत परत जाते. गेल्या जानेवारीत मीही तिच्याबरोबर निघालो. ती कशी राहते, कुठे राहते, हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे मनात होते.

निघताना सेल्फ दोनदा दाबावा लागला. महिनाभरापूर्वी मिस्त्रीने सांगितले होते, "गुरुजी, बॅटरी बसत आली, बदलून घ्या." हजार-दीड हजाराचा खर्च होता. मी भाचीला म्हणालो होतो, "चालते तोवर चालवू, उन्हाळ्यात पाहू." तिने माझे ऐकले. मामा म्हणतो म्हणजे बरोबरच असणार, असा तिचा विश्वास.

घटांग मागे पडले, जंगल दाट झाले आणि एका वळणावर रानगव्यांचा कळप रस्त्यात उभा दिसला. भाचीने शहाणपणाने दूर थांबून हँडलवरच्या लाल बटणाने इंजिन बंद केले. आम्ही श्वास रोखून बसलो. वीस-पंचवीस मिनिटांनी कळप उतरून गेला. तिने बटण दाबले. गाडीतून फक्त 'टिक, टिक' असा आवाज आला. पुन्हा दाबले तर तोही बंद झाला.

"मामाजी, गाडी सुरू होऊन नाही राहिली."

मी ऐटीत म्हणालो, "सरक, किक मारतो." तीस वर्षे मी जुनी गाडी चालवली. माझा पाय सवयीने किक शोधू लागला, पण या गाडीला किकच नव्हती! फोन पाहिला तर रेंज नाही. पाच वाजून गेले होते आणि जानेवारीचा सूर्य सहाच्या आगेमागे बुडतो. मेळघाट हा १९७३-७४ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. शाळेत हे वाक्य मी मुलांकडून पाठ करून घेत असे. त्या दिवशी त्याचा अर्थ पोटात कळला. वाघाचे भय होतेच, पण एक विचार त्याहून जास्त टोचत होता. मी आलो नसतो तर ही मुलगी इथे एकटी असती, आणि तेही माझ्या सल्ल्यामुळे.

मी म्हणालो, "ढकलू या." दहा पावले ढकलली तोच माझ्या गुडघ्यांनी जबाब दिला. तेवढ्यात मागून एक कोरकू भाऊ जुन्या गाडीवर आले. आमची अवस्था पाहून थांबले आणि पहिला शब्द बोलले, "गुरुजी, पहले चाबी बंद करो."

तेव्हा आमच्या ध्यानात आले. लाल बटणाने इंजिन बंद होते, पण किल्ली चालूच राहते. मागचा दिवा, मीटर आणि आतली यंत्रणा बॅटरीतून वीज खात राहतात. चांगली बॅटरी वीस मिनिटांत मान टाकत नाही, पण आमची आधीच थकलेली होती. थंडीत तर बॅटरीची ताकद आणखी कमी होते.

त्यांनी किल्ली बंद करून आम्हाला दहा मिनिटे स्वस्थ बसवले. थकलेली बॅटरी विसावली की थोडी सावरते. सारखा सेल्फ मारत राहिले तर उरलेलीही जाते. तोवर त्यांनी गाडीच्याच पान्ह्याने सीट उघडली. बॅटरीच्या एका टोकावर पांढरी-हिरवट भुकटी जमली होती आणि तिथला स्क्रू बोटाने हलत होता. कोरड्या फडक्याने पुसून त्यांनी तो घट्ट केला. मग फ्यूज काढून उजेडात पाहिला. तार शाबूत होती. फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालावा. चांदीचा कागद किंवा जाड तार घालून भागवू नये, त्याने गाडीचे वायरिंग जळते.

मग किल्ली फिरवून त्यांनी टाकीला कान लावायला सांगितले. आतून बारीक 'घूं' असा आवाज आला. तो पेट्रोलच्या पंपाचा आवाज. "जान बाकी है," ते म्हणाले.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पूर्वीच्या मॅग्नेटोवर चालणाऱ्या अनेक गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरीची गरजच नव्हती. बॅटरी काढून ठेवली तरी त्या किकवर सुरू होत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. या गाड्यांत पेट्रोल पोचवायला आणि ठिणगी केव्हा टाकायची ते ठरवायलाही वीज लागते. सेल्फ फिरवण्याइतकी ताकद बॅटरीत नसली तरी चालते, पण पंप फिरेल एवढी हवी. बॅटरी पार मेली असेल तर कितीही धक्का मारा, गाडी सुरू होणे कठीण. आणि गिअर नसलेली स्कूटर तर धक्क्याने सुरू होतच नाही. तिला किक असेल तरच किक मारून पाहावी.

समोर उतार होता. भाची गाडीवर बसली. किल्ली चालू, लाल बटण चालूच्या बाजूला, गिअर दुसरा, क्लच दाबलेला. कोरकू भाऊंनी मागून धक्का दिला. तिने घाईत क्लच लवकर सोडला. चाक अडखळले, गाडी हिसका देऊन थांबली. दुसऱ्या वेळी तिने गाडीला पळण्याइतका वेग येऊ दिला, मग क्लच झटक्यात सोडला. इंजिन खोकलले, तिने लगेच क्लच पुन्हा दाबला, थोडा रेस दिला आणि गाडी धडधडू लागली. पहिला गिअर घातला असता तर चाक घसरले असते. दुसरा किंवा तिसराच बरा. अशा वेळी मागे माणूस बसवू नये आणि वळणावर हे करू नये.

मी खिशात हात घातला तर त्या भाऊंनी हात जोडले. म्हणाले, "सिस्टर हमारे गाँव में सुई लगाने आती है." आणि निघून गेले.

सुरू झालेली गाडी आम्ही भाचीच्या दारापर्यंत बंद केली नाही. दहा मिनिटे चालवून बॅटरी भरत नाही. मध्यम रेसवर गाडी बरीच चालली तरच तिच्यात काही जमा होते.

उतार नसता आणि दुसरी मोटारसायकल भेटली असती, तर वायरी जोडूनही काम होते. पण क्रम चुकवू नये. आधी दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करावी. एसटी आणि ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तिला हात लावू नये. मोटारीची बॅटरी वापरली तर मोटारीचे इंजिन बंद ठेवावे. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला जोडावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगीने तो पेटू शकतो. विडी-सिगारेट तर जवळ नकोच. गाडी सुरू झाली की उलट्या क्रमाने वायरी काढाव्या. अधिक-उणे उलटे लागले तर गाडीचा मेंदू जळतो. घरातल्या दिव्याची बारीक वायर वापरू नये, ती तापून वितळते. बॅटरीचे आम्ल अंगाला लागले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर धूत धूतच दवाखाना गाठावा.

दुसऱ्या आठवड्यात परतवाड्याला मिस्त्रीने मीटर लावून दाखवला. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आमची रात्रभर चार्ज करूनही सेल्फ मारताच १० च्या खाली गेली, म्हणजे तिचे आयुष्य संपले होते. गाडी चालू असताना मध्यम रेसवर साधारण १३.५ ते १४.५ दिसले पाहिजे. तेवढे दिसले नाही तर दोष बॅटरीत नसून तिला भरणाऱ्या यंत्रणेत असू शकतो, आणि नवी बॅटरी घातली तरी ती पुन्हा उतरेल. असा मीटर काही शे रुपयांत मिळतो. वस्तीत चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

जुनी बॅटरी भंगारात देऊ नका. आतले शिसे विषारी असते आणि फोडणाऱ्याच्या लेकराबाळांना ते बाधते. २००१ च्या नियमांपासूनच जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची सोय आहे आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदार ती घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही देतो.

बॅटरी एकाएकी मरत नाही. सकाळी सेल्फ सुस्त फिरतो, हॉर्न घोगरा होतो, इंडिकेटर मंद लुकलुकतो. ती महिनाभर आधी सांगत असते, ऐकायचे आपण असते.

आता भाचीच्या सीटखाली एक पिशवी असते. तिच्यात पान्हा, दोन फ्यूज, जाड वायरींची जोडी, फडके आणि टॉर्च. टर्मिनल साफ करणे, फ्यूज पाहणे, उतारावर गाडी सुरू करणे हे तिने दोन रविवार माझ्यासमोर करून दाखवले. मी तिसऱ्या रविवारी पुन्हा करायला लावले, तेव्हा म्हणाली, "मामाजी, आता तुम्ही करून दाखवा."

आपण मुलीला शिकवतो, नोकरीला पाठवतो, गाडीही घेऊ देतो आणि अभिमानाने चार ठिकाणी सांगतो. पण गाडी कशावर चालते हे मात्र मुलालाच दाखवतो. ज्या रस्त्यावर ती एकटी जाते, त्या रस्त्याला पुरेल एवढे ज्ञान तिच्या हाती देणे हे आपलेच काम आहे. येत्या रविवारी गाडीची सीट उघडा आणि मुलीला जवळ बोलवा. आणि मिस्त्रीने सांगितलेला खर्च उन्हाळ्यावर टाकू नका.