स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे मूल ठीक आहे का?



मूल गप्प गप्प राहायला लागलं की घरात कोणीतरी म्हणतं, "एकदा मेंदूचा एमआरआय काढून बघू या." रिपोर्ट नॉर्मल आला की लगेच निकाल लागतो, "बघा, काही झालेलं नाही, नुसती नाटकं आहेत." हा निकाल चुकीचा आहे आणि मुलासाठी धोक्याचाही.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, सूज, रक्तस्राव अशी शंका असेल तर डॉक्टर तो सांगतात. नैराश्याचं निदान त्यावरून होत नाही.

मग संशोधनाच्या बातम्या येतात त्या खोट्या का? नाही. फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचा कोणता भाग जास्त काम करतोय याचा अंदाज देतो. पेट स्कॅनच्या अभ्यासातून हेलन मेबर्ग यांना नैराश्याशी जोडलेला मेंदूतला एक भाग सापडला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या टोरांटोमधल्या अभ्यासात, कोणत्याच उपचाराला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या त्या भागाला विजेची सौम्य चेतना दिली, तेव्हा चौघांना चांगला फरक पडला. म्हणजे नैराश्य हा 'मनाचा कमकुवतपणा' नाही, हे स्कॅनमुळे अधिक स्पष्ट झालं.

पण हे बहुतेक फरक गटाच्या सरासरीत दिसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर 'अ' आणि 'ब' तुकडीची सरासरी वेगळी असते, पण एका मुलाचे गुण बघून तो कोणत्या तुकडीतला हे सांगता येतं का? स्कॅनचंही तसंच आहे.

निदान आजही बोलण्यातून, ऐकण्यातून आणि निरीक्षणातूनच होतं. दोन आठवडे किंवा जास्त काळ उदासी किंवा चिडचिड, आवडत्या गोष्टींत रस नसणं, झोप-भूक बिघडणं, 'मी कशालाच लायक नाही' असं वाटणं, ही लक्षणं एकत्र दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मुलात वयानुसार चिडचिडच जास्त दिसू शकते, तिला उद्धटपणा समजू नका. मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवा.

मुलाचं दुःख खरं मानायला आपल्याला मशीनचा फोटो कशाला हवा? वर्गात रोज समोर बसणारं मूल कालपेक्षा आज वेगळं दिसतंय, हे सगळ्यात आधी आपल्यालाच कळू शकतं. तेव्हा आधी शेजारी बसा आणि ऐका.