मामा औषध माराय गेल्यात!

हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सॅलड जाम इन आहे. तिशीच्या आतच कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट हातात पडायला लागल्यावर दुसरं काय होणार! परवा समोरच्या काकडी-टोमॅटोकडे बघत एका मैत्रिणीने विचारलं, 'यावरच्या पेस्टिसाइडने हार्टला काही होतं का गं?' प्रश्न सॉलिड आहे, पण अर्धाच!

उरलेला अर्धा कबनूरला आहे. इचलकरंजीला खेटून असलेल्या या गावात माझ्या मामाचं वांग्याचं रान आहे. फोन केला की मामी सांगते, 'मामा औषध माराय गेल्यात.' विषाला आपण बिनधास्त औषध म्हणतो. हृदय मात्र नावाला फसत नाही.

ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं किड्यांच्या नसांवर हल्ला करतात आणि माणसाच्याही. नसांचे निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन काम संपलं की एक एन्झाइम ते साफ करतं. कीटकनाशक या एन्झाइमलाच बंद पाडतं. मग निरोप थांबतच नाहीत. ठोके मंदावतात, चुकतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात दाखल झाले.

हा झाला अचानक बसणारा फटका. हळूहळू बसणाराही आहे. हवाईमधल्या ७,५०० हून अधिक जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर कीटकनाशकांशी खूप संपर्क आलेल्यांना पहिल्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त होता.

आपल्या ताटात येणारा अंश त्या मानाने फारच कमी. तेव्हा भाजी सोडून बर्गरकडे वळायला हे निमित्त नको! वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, कोबीची वरची पानं काढा. सफरचंद खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवलं तर सालीवरचा बराच अंश निघतो. आत मुरलेला मात्र नाही.

खरी काळजी फवारणाऱ्याची. डब्यावरचा त्रिकोण बघायचा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचं नाही. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क हवेतच. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. मध्येच तंबाखू मळायची नाही. घरी आल्यावर साबणाने आंघोळ आणि ते कपडे वेगळे धुवायचे. फवारताना घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणं सुरू झालं, तर 'ऊन लागलं असेल' म्हणत बसू नका. कपडे उतरवून अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. कोणता उतारा द्यायचा, ते त्यावरून लवकर कळतं.

आपल्यापैकी कितीतरी जणांचं कुणी ना कुणी आज पाठीवर पंप घेऊन रानात उभं असेल. पुढच्या वीकेण्डला गावी जाताना मिठाईचा बॉक्स नेणारच आहात, सोबत चांगले रबरी हातमोजे आणि मास्कही न्या. आणि ते वापरतात की नाही, हे फोनवर दर वेळी विचारा. कटकट वाटली तरी चालेल!